सुरतेचं आभाळ, खानदेशची संध्याकाळ

जळगावात आज संध्याकाळी आभाळ रंगणार की नाही, याचा निकाल जळगावच्या आभाळात लागत नाही. तो लागतो सुरतेकडे.

मी धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवते. माहेर यावल तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. पावसाळी दिवसांत शाळा सुटली की कॅमेऱ्याची पिशवी स्कूटीला अडकवायची आणि गावाबाहेर पडायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. पहिल्यांदाच सोबत येणारी माणसं डोक्यावरचे ढग न्याहाळतात आणि तेवढ्यावरून "आज काही खरं नाही" म्हणून मोकळी होतात. मी त्यांना आधी मावळतीकडे वळवते.

कारण साधं आहे. सूर्य आपल्या क्षितिजाखाली गेला तरी उंचावरच्या ढगाला तो दिसतच असतो. किल्ल्यावर चढलं की दूरची गावं दिसायला लागतात, तोच न्याय. चार-पाच किलोमीटर उंचीवरच्या ढगाचं क्षितिज सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरवर असतं. दहा किलोमीटरवरचे ते विरळ, तंतू-तंतू झालेले ढग असतात ना, त्यांचं साडेतीनशेच्या पुढे. आता नकाशा काढा. जळगाव ते सुरत सरळ रेषेत सुमारे २८५ किलोमीटर, धुळे ते सुरत सुमारे २००, आणि तिन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर. म्हणजे जळगावच्या माथ्यावरचा उंच ढग लाल करणारा किरण खंबातच्या आखातावरून, पाण्याला घासून आलेला असतो. तिकडे काळ्या ढगांची फळी उभी असेल तर किरण तिथंच अडतो आणि आपल्याकडचे सुंदर ढग करडेच्या करडे राहून विझतात. उलट आपल्याकडे दिवसभर झाकोळ असला आणि तिकडे उघडीप असली, तर शेवटच्या दहा मिनिटांत ढगांच्या पोटाला खालून उजेड लागतो. अशी संध्याकाळ सगळ्यांत भारी, आणि नेमकी त्याच दिवशी बहुतेक लोक कंटाळून घरी गेलेले असतात.

सुरतेचं हे गणित विषुवदिनांच्या आसपासचं, म्हणजे मार्च-सप्टेंबरचं. जूनच्या अखेरीला सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, तेव्हा जळगावकरांनी बडोद्याच्या आभाळाची चौकशी करावी. डिसेंबरात तो तेवढाच दक्षिणेला सरकतो, तेव्हा जव्हार-डहाणूची बाजू. चौकशी करायला फोन लावायची गरज नाही. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रं दिवसभर येत असतात. चार-साडेचारला ती उघडून आपल्यापासून मावळतीकडे अडीचशे-तीनशे किलोमीटरपर्यंत बोट फिरवायचं. त्या रेषेत ढगांना कुठं खंड आहे का, एवढंच पाहायचं.

आपल्या भागाला यात एक देणगी मिळालेली आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक नद्या पूर्वेला वाहतात; तापी पश्चिमेला वाहते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, आणि मधे पश्चिमेच्या टोकाला उघडी असलेली एक लांबलचक पन्हळ, असं हे खोरं आहे. पुण्या-नाशकाला मावळतीच्या अंगाला सह्याद्री आडवा पडलेला असतो. आपल्याकडे तापी जिथून समुद्राला जाते, त्याच वाटेनं संध्याकाळचा उजेड आत येतो. शिवाय पावसाळ्यात घाटमाथ्यावर आठवडेच्या आठवडे ढग जमिनीला टेकलेले असतात. तिथं सूर्यास्त म्हणजे करड्याचं काळं होणं. खानदेशात पाऊस कमी, झड क्वचितच लागते, आणि ढग तुटक असतात. एक सर, मग उघडीप, मग पुन्हा सर. शेतकऱ्याला हा लहरीपणा जाचतो, पण उजेडाच्या मागे लागणाऱ्याला याहून चांगली हवा मागून मिळायची नाही. पावसाळी फोटो काढायला इथली तरुण मुलं गाड्या काढून भंडारदऱ्याला जातात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. धुळ्याजवळ लळींगच्या कुरणात गुडघाभर गवत वाऱ्यावर लोळत असतं आणि तिथं मोराशिवाय कोणी नसतं.

धुळीनं सूर्यास्त रंगतो असं पुष्कळ लोक मानतात. आपल्याकडे धुळीला तोटा नाही, त्यामुळे हे एकदा नीट पाहू. सूर्याचा उजेड हवेतून येताना हवेचे रेणू त्यातला निळा-जांभळा भाग जास्त विखुरतात. दुपारी हा प्रवास छोटा असतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा उजेडाला हवेचा कितीतरी पट जाड थर कापावा लागतो, निळा वाटेतच सांडतो आणि आपल्यापर्यंत केशरी-तांबडा पोचतो. रेणू अतिशय सूक्ष्म म्हणून ही निवड होते. मातीचा कण त्या मानानं फार मोठा. तो सगळेच रंग सारखेच विखुरतो. म्हणून मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, भुसावळ-जळगावचं आभाळ संध्याकाळी मळकट पिवळं होतं आणि सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच धुरकटात नाहीसा होतो. १८८३ साली क्राकाताऊचा ज्वालामुखी फुटल्यावर जगभर महिनोन् महिने विलक्षण लाल संध्याकाळी दिसल्या हे खरं. पण ते कण अतिसूक्ष्म होते आणि ढगांच्याही वर, जिथं पाऊस त्यांना धुऊन काढू शकत नाही अशा थरात पोचले होते. बैलगाडीच्या चाकोरीतली धूळ ते काम करत नाही. ती खाली बसवणारा वळवाचा पाऊस मात्र करतो. रोहिणी-मृगाच्या पहिल्या सडाक्यानंतर तासाभरात हवा इतकी निर्मळ होते, की जळगावातून सातपुड्याच्या घड्या मोजता येतात. त्या संध्याकाळी घरात बसू नये.

रंग दिसले म्हणून फोटोत उतरतातच असं नाही, आणि हे दुखणं फार जुनं आहे. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्याची बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. दरम्यान तो कॅमेऱ्याकडे वळला होता. वास्तूंचा अभ्यासक फर्ग्युसन याच्या मजकुरासह गिलच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ साली निघाली. १८७९ साली गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आपल्या परिसराचे हे अगदी सुरुवातीचे फोटो. पण त्या काळच्या काचांवरचं रसायन फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जागं व्हायचं. लाल रंग त्याला जवळजवळ काळोखासारखा, आणि निळं आभाळ इतकं प्रखर, की ते कोरं पांढरं उमटायचं; ढग गायब. अजिंठ्याच्या घळीवर गिलनं कितीतरी पेटलेल्या संध्याकाळी पाहिल्या असतील. त्यातली एकही त्याच्या काचेवर उतरण्यासारखी नव्हती. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली: समुद्राची काच वेगळी, आभाळाची वेगळी, आणि छापताना दोन्ही जोडायच्या.

रसायन गेलं, फिल्मही गेली, पण मूळ अडचण तशीच आहे. आभाळ उजळ आणि जमीन काळोखी. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेरा एकाची बाजू घेतो. त्यात आपली काळी माती. कोरडी असतानाही ती उजेड फारसा परत देत नाही, भिजली की तर सगळा गिळते. सह्याद्रीतल्या तांबड्या मातीच्या वाटेवर संध्याकाळी जे एक्सपोजर चालतं, ते अमळनेरच्या कपाशीच्या वावरात चालत नाही. माझा नियम असा: मोजमाप आभाळाचं घ्यायचं, सूर्य चौकटीबाहेर ठेवून, ढगाच्या उजळ भागाचं. जमीन अंधारली तर अंधारू द्यायची, तिच्यातला तपशील नंतर पुष्कळसा वर काढता येतो. जळून पांढरा झालेला ढग मात्र कधीच परत येत नाही. म्हणून फाइल 'रॉ' ठेवायची. आभाळाकडचा अर्धा भाग गडद असलेला फिल्टर भिंगापुढे लावला तर आणखी चांगलं. तापीकाठच्या मैदानात क्षितिज पट्टीनं आखल्यासारखं सरळ असतं, तिथं तो चपखल बसतो. सातपुड्याच्या पायथ्याला मात्र डोंगराचे शेंडे उगाच काळे पडतात. तिथं तो काढून ठेवावा आणि कॅमेरा तिवईवर रोवून दोन-तीन वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो घेऊन ते घरी जोडावेत. ल ग्रेचीच युक्ती, फक्त दोन काचांऐवजी संगणक.

मोबाइलवालेही यात मागे नाहीत. आभाळाच्या उजळ जागेवर बोट दाबून धरा. एक्सपोजर तिथं पक्कं होतं. मग शेजारी येणारी सूर्याची खूण हळूहळू खाली ओढा, रंग घट्ट होईपर्यंत. त्याआधी भिंग रुमालानं पुसा. खिशातल्या फोनच्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा असतो आणि समोरचा सूर्य त्या डागांचा भला मोठा पांढरा पसारा करून टाकतो. आणि व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वर असेल तर कॅमेरा त्या केशरी छटेला दोष समजून ती घालवायला बघतो. तो 'डेलाइट'वर ठेवला की आभाळ जसं होतं तसं राहतं. एक ताकीद मात्र मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांसाठी: ज्यात भिंगातून थेट पाहता येतं अशा कॅमेऱ्यानं सूर्याकडे पाहू नका. तो फिकट, लालसर दिसत असला तरी डोळा जायला वेळ लागत नाही.

चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. १९१२ साली मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेला हा माणूस, कलेचं शिक्षण विलायतेत घेऊन आला आणि चाळीसगावच्या त्या घरात त्यानं स्वतःला जवळजवळ कोंडून घेतलं; १९८९ साली ते गेले तोवर दशकानुदशकं क्वचितच बाहेर पडले. टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडायच्या, दिव्यांचा उजेड हवा तसा पाडायचा आणि खऱ्या वाटाव्यात अशा दृश्यांचे फोटो काढायचे, या टेबलटॉप छायाचित्रणात त्यांनी नाव कमावलं. वर्गातल्या मुलांना मी तिथं नेते. हवामान, उजेड, सावली, सगळं त्या माणसाच्या हातात होतं. एक सावली मनासारखी पडेपर्यंत तो दिवा हलवत बसू शकत होता. मुलांनी हे आधी पाहावं असं मला वाटतं. उजेड कुठून येतोय, कशावर पडतोय, कशामागे सावली जातेय, हे टेबलावर कळलं तर वावरात कळतं. वावरात दिवा हलवता येत नाही, तर आपण हलायचं. पाच पावलं डावीकडे सरकलं की डबक्यात ढग येतो. गुडघ्यावर बसलं की कपाशीच्या ओळींमधलं साचलेलं पाणी एकदम दिसायला लागतं आणि काळ्या जमिनीला आभाळाचा रंग मिळतो.

तुटक हवेत सगळा खेळ कडेवर असतो: पावसाची सर जिथं संपते आणि ऊन जिथं सुरू होतं, ती कड. वळवाच्या मोठ्या ढगाचा माथा वर जाऊन एका बाजूला सपाट पसरतो. तो ज्या दिशेला पसरलाय तिकडे वरचा वारा ओढतोय असं समजावं. ढग आपल्यावरून उगवतीकडे सरकला आणि मावळतीला मोकळं झालं, तर तिरपी किरणं पाठीमागून येतात, समोर शाईसारखा काळा ढग आणि त्याच्या पुढ्यात उजळलेलं झाड. अशा वेळी सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं. इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला, आणि सूर्य ४२ अंशांपेक्षा खाली असेल तरच दिसतं. मावळतीला सूर्य टेकला असेल तर पूर्वेला जवळजवळ अर्धं वर्तुळ उभं राहतं, आणि त्यात निळा कमी, लाल जास्त. खूप मोठ्या ढगाच्या पसरलेल्या माथ्याखाली कधीकधी पिशव्या लोंबतात. एरवी त्या दिसतही नाहीत. मावळता सूर्य त्यांना खालून उजेड देतो तेव्हा प्रत्येक पिशवीला एक बाजू तांबडी आणि एक जांभळी येते. बालकवींचा जन्म आपल्या धरणगावचा, १८९० चा. श्रावणातल्या ऊन-पावसाची त्यांची कविता प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. ते रंग त्यांनी कल्पनेतून आणले असं ज्यांना वाटतं, त्यांनी पोळ्याच्या आगेमागे धरणगाव-एरंडोलच्या बाजूला एक संध्याकाळ उभं राहून पाहावं.

पण जे आभाळ आम्हाला फोटो देतं तेच आमच्या बागा पाडतं, हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मे-जूनमध्ये यावल-रावेरकडे वादळ येतं तेव्हा केळी निसवलेल्या असतात, घड भरत आलेले असतात, आणि खोड म्हणजे नुसतं पाणी. वारा एका बाजूनं घुसतो आणि ओळीच्या ओळी आडव्या करतो. अशाच एका संध्याकाळी मी माहेरी होते. वादळ अर्ध्या तासात निघून गेलं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मागोमाग बागेत शिरले तर मोडलेल्या खोडांतून पाणी झिरपत होतं, ठिबकच्या नळ्या खोडांखाली दबून ताणल्या गेल्या होत्या, कच्चे घड चिखलात रुतले होते. उभी राहिलेली पानं फाटून चिंध्या झाली होती आणि त्या चिंध्यांतून पाण्याचे थेंब गळत होते. तेवढ्यात मावळतीला फट पडली. पानाच्या मागून सूर्य आला की केळीचं पान पाठीमागचा उजेड पिऊन पोपटी-पिवळं होतं, शिरान् शीर दिसते. फाटलेल्या पानाचंही तेच होतं. सगळी पडलेली बाग उजळून निघाली. माझा हात कॅमेऱ्याकडे गेला ते अण्णांनी पाहिलं. ते म्हणाले, "काढ. आधी माझ्या खोडांचे काढ, मग त्या आभायाचे."

मी तसंच केलं. फळपीक विम्यात वादळाचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं असतं, आणि पंचनामा होईपर्यंत फोटोइतका दुसरा पुरावा नसतो. प्रत्येक ओळ, बांधाची खूण, सोबत मोबाइलवर ठिकाण आणि वेळ नोंदवलेले फोटो. शेजारच्या काकांनी बोलावलं, त्यांच्या बागेचे काढले. पुढच्या बांधावरच्यांचे काढले. तोवर आभाळ केशरीचं किरमिजी झालं होतं आणि त्याचे मी तीन-चारच काढू शकले. त्यातला एक आमच्या ओसरीवर लावलाय: खाली आडव्या केळी, वर ते आभाळ. पाहुणे "काय रंग आहेत" म्हणतात आणि मग खाली पाहतात. ज्या भूदृश्यात माणसाचं पोट आहे तिथं फोटो काढणाऱ्याला कामाचा क्रम ठाऊक असावा असं माझं ठाम मत आहे. गारपिटीनंतर लोकांच्या शेतात न विचारता शिरून आभाळाचे फोटो काढणारी मंडळी मी पाहिली आहेत. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा मिळतो.

विजेच्या बाबतीतही आधी जीव, मग फोटो. उघड्या माळावर, हातात धातूची तिवई घेऊन उभा असलेला माणूस हा त्या परिसरातला सगळ्यांत उंच खांब असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजावं. तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा सामान गुंडाळायचं आणि गाडीत किंवा पक्क्या घरात जायचं, झाडाखाली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेनं काढलेलं 'दामिनी' हे अॅप मोबाइलवर असू द्या. आपल्याभोवती कुठं वीज पडतेय ते त्यात दिसतं. लळींगच्या किल्ल्यावरून तर ढग दिसला की मी खाली उतरतेच. खालचं कुरण, लांडोर बंगल्याची बाजू, ज्या बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले होते, तिकडूनही पश्चिम चांगली दिसते.

सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडायला आपल्याकडे सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. त्या दोन-अडीच मिनिटांसाठी धुळ्याच्या नकाणे तलावाच्या बांधावर गर्दी असते, आणि बिंब बुडालं की टाळी वाजवून लोक गाड्या काढतात. खरा उजेड त्यानंतरचा. बिंब गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं संधिप्रकाश टिकतो, आणि त्यात आधी खालच्या थरांतून हळूहळू रंग निघून जातो, मग शेवटी उंच ढग पेटतात. आभाळ आणि जमीन यांच्या उजेडातलं अंतरही आता कमी झालेलं असतं, म्हणजे काळ्या मातीचा तो सगळा त्रास निम्म्यावर येतो. तिवई हवी, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, आणि शटर सेकंद-दोन सेकंद उघडं राहिलं तरी चालेल. पाणी त्यात मऊ होतं. याच वेळी एकदा मागे वळून पूर्वेलाही पाहावं: स्वच्छ हवेत तिकडे क्षितिजावर निळसर-करडा पट्टा उगवत असतो आणि त्याच्या वर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती त्या गुलाबी पट्ट्यात फिरताना मी पाहिली आहेत. मावळतीच्या रंगांपेक्षा मला तो फोटो जास्त प्रिय आहे.

सामानाचं थोडक्यात. पावसात छत्री आपल्यासाठी नाही, भिंगासाठी. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा महागड्या फडक्याहून चांगलं पाणी टिपतो. एसी गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की भिंगावर वाफ धरते. दहा मिनिटं पिशवीतच राहू द्यावा. भिजून घरी आल्यावर पिशवी बंद करून कपाटात ठेवली की बुरशी धरलीच म्हणून समजा. पंख्याखाली रात्रभर उघडी ठेवावी.

वर्षाचा हिशेब मी नक्षत्रांवर ठेवते, कारण ढगांचा स्वभाव त्यांच्याबरोबर बदलतो. रोहिणी-मृगात वळवाचे उंच, भांडखोर ढग आणि सव्वासातच्या सुमाराला बुडणारा सूर्य. श्रावणात ढग खालचे आणि तुटक, सर आणि तिरीप यांची शिवाशिवी; तेव्हा चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या कुशीत हिरवा रंग शिगेला असतो, पण तिथं डोंगर पश्चिम झाकतात, म्हणून सूर्यास्ताच्या तासभर आधीच पोचावं. डिसेंबरात आभाळ कोरं, सूर्य पावणेसहाला घरी, आणि त्याच्या जोडीला शेकोट्यांचा धूर. ढग नाहीत म्हणून मी तेव्हा फारशी जात नाही. सगळ्यांत माझ्या आवडीचा काळ उत्तरा-हस्ताचा. पाऊस परतीला लागलेला असतो, दुपारी ढग चढतात, संध्याकाळी फुटतात, हवा धुतलेली असते, आणि सूर्य बरोबर पश्चिमेला, म्हणजे खोऱ्याच्या उघड्या तोंडात मावळतो.

तर या सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जळगावकरांनी चोपड्याच्या रस्त्यावर विदगावच्या बाजूला तापी गाठावी, मुक्ताईनगरकरांनी चांगदेवच्या देवळामागे तापी-पूर्णेचा संगम, अमळनेर-शिंदखेड्याच्या लोकांनी तापी-पांझरेच्या संगमावरचं कपिलेश्वर. सूर्य साडेसहाच्या पाच-दहा मिनिटं आधी बुडतो. तुम्ही साडेपाचला पोचा आणि सातपर्यंत हलू नका. विदगावला पुलावर तिवई लावू नका, अवजड गाड्या जातात आणि पूल हादरतो, फोटो हलतो. काठाला उतरायचं असेल तर हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडलेत ते आधी गावात विचारून घ्या. वर बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की इथं कोरड्या आभाळाखालीही नदी चढते.